रुमालावर न पडलेला डाग

त्या रविवारी सकाळी काच कारखान्याच्या कँटीनमध्ये मुंगीला शिरायला वाव नव्हता. एरवी सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरू फिरकत नसे. आज टेबलं भिंतीला लावून दिली होती, तरी माणसं खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसली होती. भट्टीवाले, काच फुंकणारे, पॅकिंगच्या बायका, ऑफिसातले कारकून, सगळे माना उंचावून एकाच माणसाकडे बघत होते.

तो माणूस म्हणजे श्वासगुरू. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू समोरच्या दोनशे माणसांना श्वास हाच पुरवतो. शेजारी माइक धरून उभा असलेला त्यांचा मदतनीस इतक्या मोठ्यांदा ओरडत होता, की माइकची गरजच नव्हती. कामगारांनी पहिल्या पाच मिनिटांत त्याचं नाव ठेवून टाकलं होतं, भोंगा.

"तुम्हाला सांगितलं गेलं, धूर वाईट!" श्वासगुरू म्हणाले. "कुणी सांगितलं? डॉक्टरांनी. आणि डॉक्टरांचं पोट कशावर चालतं? तुमच्या आजारावर! आता मला सांगा, तुमची भट्टी पेटली की धूर होतो. मग भट्टी वाईट? करायची बंद?"

"नाही!" सगळे ओरडले. भट्टी बंद म्हणजे चूल बंद, हे सांगायला गुरू कशाला हवा होता?

"धूर वाईट नसतो, बाबांनो. तुमचा धूर अडाणी आहे. त्याच्यावर संस्कार झालेले नाहीत!"

धुरावर संस्कार! हे ऐकून कारखान्यातला हिशेबी हेडक्लार्कसुद्धा मान डोलवायला लागला. याच गृहस्थाने गेल्या महिन्यात खडूचा जास्तीचा डबा मागणाऱ्याला तीन अर्ज लिहायला लावले होते.

श्वासगुरूंनी दोन पांढरेशुभ्र रुमाल झटकले, दोन्ही बाजूंनी दाखवले. मग खिशातून एक साधी सिगारेट काढली, नाक्यावरच्या टपरीवर मिळते तसली. पेटवली. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा वाकडा केला, एक झुरका मारला, रुमाल ओठांवर ताणला आणि फूंऽ करून धूर त्यातून सोडला. रुमाल उलगडून वर धरला. मधोमध नाण्याएवढा पिवळट तपकिरी डाग.

"अरे देवा!" पॅकिंगच्या बायकांतली एक म्हणाली.

"हा डाग रुमालावर नाही, ताई. हा तुमच्या नवऱ्याच्या छातीवर आहे. रोजचा!"

त्या सकाळी श्वासगुरूंच्या तोंडून निघालेलं हे एकुलतं एक खरं वाक्य.

मग त्यांनी चकचकीत डबीतून हिरव्या कागदात गुंडाळलेली एक कांडी काढली. "प्राणकांडी!" भोंगा गरजला. "सत्तावीस वनस्पती, पहाटेच्या दवात भिजवलेल्या, आणि गुरूंच्या एकवीस हजार श्वासांनी भारलेल्या!" वाटलेल्या पत्रकात वनस्पती एकोणीसच छापल्या होत्या, पण गर्दीत पत्रक वाचतो कोण? गुरूंनी कांडी पेटवली. डोळे मिटले. हात छातीवर ठेवला आणि एक लांबलचक, संथ झुरका पार आत ओढला. भोंग्याने पाच आकडे मोजले. मग गुरूंनी दुसरा रुमाल ओठांवर धरला आणि सगळा धूर त्यातून सोडला.

रुमाल पांढरा. अगदी डोळ्याला लावून पाहिलं असतं तर पुसटशी सावली दिसली असती. पण लावून पाहिलं कुणी?

टाळ्यांनी छप्पर उडायचंच बाकी राहिलं.

"आता हात वर करा," श्वासगुरू म्हणाले, "सिगारेट सोडल्यावर कुणाकुणाचा खोकला वाढला?"

सात-आठ हात वर गेले. त्यांतला एक तिसऱ्या रांगेतल्या उस्तादांचा होता. बाजूला बसलेल्या बायकोने तो खाली ओढायचा प्रयत्न केला.

*

उस्ताद म्हणजे कारखान्यातले सगळ्यांत जुने काच फुंकणारे. लोखंडी फुंकणीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, आणि एका दमात, न थांबता, फुंकून त्याची कलिंगडाएवढी बरणी करायची. हे काम सत्तावीस वर्षं त्यांच्याइतकं कुणाला जमलं नव्हतं. त्यांची बायको कारखान्याच्या फाटकासमोर लाँड्री चालवायची. कामगारांचे एप्रन, छातीच्या दवाखान्यातल्या चादरी, साहेबांचे शर्ट, सगळं तिच्याच टबातून जायचं. सगळा कारखाना तिला वहिनी म्हणे.

दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी उस्तादांना एका यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं होतं. सत्तावीस वर्षं ज्या माणसाच्या फुंकरीचा डंका होता, त्याची सुई अर्ध्याच्या जरा पुढे जाऊन थांबली. "सिगारेट आज बंद," बाई म्हणाल्या होत्या. "उद्या नाही, आज." आणि उस्तादांनी खरंच बंद केली. दात-ओठ खाऊन केली. चहात साखर कमी पडली म्हणून कप आपटले, मुलीशी फोनवर भांडले, लवंगा चावून चावून जीभ सोलून घेतली. खोकलाही वाढला. सकाळी उठले की कफ सुटे आणि अर्धा तास घर दणाणे. पण पेटवली नाही. वहिनीला नवऱ्याचा इतका अभिमान लग्नानंतर पहिल्यांदाच वाटला होता.

आणि आता हा पांढऱ्या बुटांचा माणूस विचारत होता, "उस्ताद, सोडल्यावर खोकला वाढला ना?"

"वाढला."

"झालं तर! ज्याच्या जाण्याने रोग वाढतो, ते औषध असतं की विष?"

पुढच्या पाच मिनिटांत उस्ताद हिरवी डबी खिशात घालून बाहेर आले. चेहऱ्यावर तुरुंगातून सुटल्याचा आनंद. दोन महिने ज्या गोष्टीसाठी जीव तळमळत होता, ती करायची कुणीतरी नुसती परवानगी दिली नव्हती, वर पुण्य म्हणून पदरात घातली होती. असला गुरू कुणाला आवडणार नाही?

*

तीन आठवडे घरात शांतता नांदली. खरं सांगायचं तर वहिनीलाही ती गोड लागली. कप आपटणं थांबलं. खोकला तर जादू व्हावी तसा गेला.

"बघ," उस्ताद एका सोमवारी सकाळी कांडी ओढत म्हणाले. कांडीला पुदिन्याचा थंडगार वास येत होता. "घसा गार. खोकला बंद. डोकं शांत. सकाळी पोट साफ. सुटलेलं वजन उतरलं. सांग, यातलं काय खोटं आहे?"

"जिना चढताना तुम्ही मध्ये दोनदा थांबता, ते सांगितलं नाहीत."

"वय झालं."

"तीन आठवड्यांत?"

"तुला ना, चांगलं बघवतच नाही! कांडीने फायदा झाला तर मान्य करायला जीभ का झडते तुझी?"

फायदे तर समोर दिसत होते. वहिनीकडे उलट बोलायला नुसती शंका होती, आणि शंकेला घरात कोण विचारतो?

त्याच सोमवारी दुपारी भोंगा लाँड्रीत आला आणि काउंटरवर एक गाठोडं टाकलं. "रुमाल आहेत. बुधवारी कँटीनमध्ये दुसरी सभा आहे, गुरू त्या दिवशी छातीचे रोगी बरे करणार आहेत. रुमाल पांढरे हवेत, बर्फासारखे!"

तो गेल्यावर वहिनीने गाठोडं सोडलं. वीसेक रुमाल डागाळलेले, वीसेक जवळजवळ स्वच्छ. डागाळलेले तिने सोड्याच्या पाण्यात टाकले. स्वच्छ रुमाल बाजूला ठेवताना सवयीने नाकाशी नेले. कपडा धुणाऱ्या माणसाचं नाक डोळ्याच्या आधी बोलतं. रुमाल पुदिन्याने घमघमत होते, पण पुदिन्याच्या खाली तोच वास होता. उस्तादांच्या जुन्या शर्टांना सत्तावीस वर्षं यायचा तोच. तंबाखूचा.

उस्ताद डबीतली एक कांडी सकाळी काउंटरवर विसरले होते. वहिनीने दार ओढून घेतलं, कांडी पेटवली. आयुष्यात कधी ओढली नव्हती. गालात धूर भरला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि घाईघाईने रुमाल तोंडावर धरून तिने तो फुंकून टाकला.

रुमालावर डाग होता. नाण्याएवढा, तपकिरी.

एकवीस हजार श्वासांनी भारलेल्या प्राणकांडीचा डाग!

पाळी संपवून उस्ताद आले तेव्हा ती रुमाल हातात घेऊनच उभी होती. त्यांनी डाग पाहिला आणि हसले. "तुझी श्रद्धा नाही ना, म्हणून. थांब." त्यांनी नवी कांडी पेटवली, झुरका पार आत ओढला, क्षणभर धरला, मग दुसऱ्या रुमालातून सोडला. रुमाल पांढरा. "बघितलंस?"

वहिनीने दोन्ही रुमाल शेजारी ठेवले. "अहो, तुम्ही धूर कुठपर्यंत नेलात?"

"आत. बेंबीपर्यंत. दुसरीकडे कुठे नेतात?"

"आणि मी?"

"तू गालात धरलास नि थुंकल्यासारखा बाहेर टाकलास. न ओढणारी माणसं तसंच..." उस्तादांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

"मला तीस वर्षं झाली कपडे धुताना," वहिनी हळूच म्हणाली. "मळ कधी नाहीसा होत नाही. कपड्यातून निघाला तर पाण्यात उतरतो. पाणी काळं झालं नाही, तर समजायचं कपडा धुतलाच गेला नाही. तुमच्या रुमालावर डाग नाही. मग तो गेला कुठे? कांडी आणि रुमाल यांच्यामध्ये तुमच्या छातीशिवाय दुसरं आहे काय?"

उस्तादांचा चेहरा लाल झाला. "धुलाईचं शास्त्र माझ्या छातीला लावू नकोस!" ते म्हणाले आणि जेवणही न करता झोपायला गेले. माणसाला आपण चुकलो याचा राग कमी येतो. ते बायकोने दाखवलं याचा जास्त येतो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी धुतलेल्या एप्रनचा गठ्ठा घेऊन भट्टीच्या शेडमध्ये गेली. उस्ताद मोठी बरणी फुंकत होते. तापलेल्या काचेचा लालभडक गोळा फुंकणीच्या टोकाला फुगत होता, आणि नवे कामगार नेहमीसारखे काम थांबवून बघत होते. गोळा कलिंगडाच्या अर्ध्यावर आला. आणि थांबला.

उस्तादांचे गाल हलत होते, पण फुंकर येत नव्हती. काच लोंबू लागली, वाकडी झाली, आणि एखाद्या रिकाम्या पिशवीसारखी फुंकणीवरून गळून जमिनीवर पडली. उस्ताद बाजूच्या लाकडी खोक्यावर बसले. ओठ जांभळे पडले होते. श्वास घेताना खांदे वर उचलत होते आणि आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा येत होता.

वहिनीने एप्रन तिथेच टाकले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी वाफ दिली, इंजेक्शन दिलं. उस्तादांचा श्वास खाली बसला. मग नळी पुढे केली. या वेळी सुई अर्ध्यापर्यंतही पोचली नाही.

"पुन्हा सुरू केलीत," बाई म्हणाल्या. विचारलं नाही.

वहिनीने हिरवी डबी आणि दोन रुमाल टेबलावर ठेवले, आणि काय घडलं ते सांगितलं. बाईंनी रुमाल उजेडात धरून पाहिले. मग त्या वहिनीकडे बघत राहिल्या. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. मळ जातो कुठे, एवढंच विचारलं."

"तेवढंच विचारायचं असतं. धूर गालात धरून सोडला की त्यातलं डांबर रुमालावर बसतं. छातीत ओढून सोडला की बरंचसं डांबर आतच चिकटतं, आणि बाहेर येतो तो उरलासुरला धूर. तुमच्या गुरूचा पांढरा रुमाल म्हणजे छातीने केलेली धुलाई आहे, उस्ताद."

"पण माझा खोकला गेला होता," उस्ताद पुटपुटले. लहान मुलाने मोडकं खेळणं धरून ठेवावं तसं त्यांनी हे वाक्य धरून ठेवलं होतं.

"गेला नव्हता, झोपवला होता. श्वासनळीच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात. ते रात्रंदिवस घाण वर ढकलत असतात. धुराने ते लुळे पडतात. तुम्ही सिगारेट सोडलीत, ते जागे झाले, आणि सत्तावीस वर्षांचा कचरा बाहेर काढायला लागले. तो तुमचा वाढलेला खोकला. तुम्ही बरे होत होतात! कांडीने त्यांना पुन्हा गुंगी दिली. वरून पुदिना, म्हणजे घसा गार आणि झुरका आणखी खोल."

उस्तादांनी टेबलावरचा पांढरा रुमाल उचलला. मग म्हणाले, "गालातली फुंकर कुठली नि छातीतली कुठली, हे मला डोळे मिटून कळतं. नव्या पोरांना तेच शिकवतो मी. तो माणूस माझ्यापासून दहा पावलांवर गालाने फुंकत होता, आणि मला दिसलं नाही."

"दिसलं नाही?" वहिनी म्हणाली.

"बघायचं नव्हतं," उस्ताद म्हणाले. आणि रुमाल खाली ठेवत, "बुधवारी सभा आहे ना? बाई, तुम्ही याल?"

*

बुधवारी पाळी सुटल्यावर कँटीन पहिल्यापेक्षा जास्त भरलं. या वेळी आजारी माणसंही आली होती. कुणी म्हाताऱ्या आईला हाताला धरून आणलं होतं. आपले बर्फासारखे रुमाल फडकवत श्वासगुरूंनी तोच खेळ पुन्हा केला, आणि तीच टाळी पुन्हा मिळवली.

"आणि आता," भोंगा ओरडला, "प्राणकांडीने ज्यांचा खोकला मुळापासून गेला, ते आपले उस्ताद!"

उस्ताद बायकोचा हात धरून पुढे आले. व्यासपीठाच्या दोन पायऱ्या चढून त्यांना उभं राहून दम घ्यावा लागला. सगळ्यांनी तो ऐकला.

"गुरू," ते म्हणाले, "मी बोलत नाही. नुसती एक विनंती करतो. साध्या सिगारेटचा धूर छातीत घ्या आणि तुमच्या कांडीचा गालात धरा. आता केलंत त्याच्या उलट. एकदाच."

श्वासगुरूंचं हसू जागेवरच राहिलं, डोळे मात्र हलले. "अडाणी धूर मी या पवित्र छातीत घेत नाही, बाळ."

"बरं. मग पवित्र धूर गालात तरी घ्या."

"प्राणकांडीचा असा अपमान..."

"कसला अपमान हो?" मागून एक भट्टीवाला ओरडला. "गाल काय अपवित्र आहेत?"

हशा पिकला. गुरूंनी हात वर केला. "पाहा! शंका शिरली. जिथे शंका, तिथे कांडी फळत नाही. या माणसाची श्रद्धा ढळली, म्हणून त्याचा दम गेला!"

तेव्हा डॉक्टरीणबाई पुढे आल्या. त्यांच्या हातात एक रबरी फुगा होता, दाबून सोडला की हवा ओढून घेणारा. "मग श्रद्धा नसलेल्यालाच विचारू," त्या म्हणाल्या. "या फुग्याला श्रद्धा नाही, शंकाही नाही. गुरूंवर राग नाही, माझ्यावर लोभ नाही."

फुग्याच्या तोंडाला त्यांनी साधी सिगारेट लावली, पेटवली, दाबलेला फुगा सोडला. धूर ओढला गेला. मग तो रुमालातून दाबून काढला. तपकिरी डाग. दुसरा फुगा, प्राणकांडी, दुसरा रुमाल. तसाच डाग. वहिनीने दोन्ही रुमाल पहिल्या रांगेतल्या हेडक्लार्कच्या हातात दिले. "सांगा साहेब, पवित्र कुठला?"

हेडक्लार्कने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "ओळखता येत नाही," तो म्हणाला. एवढं सरळ वाक्य त्याच्या तोंडून कारखान्यात कुणी ऐकलं नव्हतं.

"यंत्राला श्रद्धा नसते!" भोंगा किंचाळला.

"रुमालाला तरी कुठे असते?" वहिनी म्हणाली.

मग बाईंनी काचेचा एक पेला टेबलावर ठेवला. त्याला दोन नळ्या होत्या. सकाळीच शेडमधल्या एका कामगाराने तो उस्ताद सांगतील तसा फुंकून दिला होता. आत ओला पांढरा कापूस भरला होता. "ही छाती समजा." एका नळीने त्यांनी प्राणकांडीचा धूर आत नेला, दुसरीतून बाहेर काढून रुमालातून सोडला. दहा झुरके, वीस झुरके. रुमाल पांढराच राहिला.

"पांढरा! पांढरा!" भोंग्याला पुन्हा धीर आला.

"हो, पांढरा," बाई म्हणाल्या, आणि पेल्यातला कापूस चिमट्याने काढून सगळ्यांसमोर धरला.

कापूस गटारातून काढल्यासारखा दिसत होता. म्हाताऱ्या आईला घेऊन आलेल्या माणसाने आईचा हात घट्ट धरला. उस्तादांचा श्वास मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला.

एक काम वहिनीचं राहिलं होतं. तिने एक प्राणकांडी पाण्याच्या ग्लासात टाकली. "खळीने चिकटवलेला कागद पाण्यात सुटतो," ती म्हणाली, "हे मला नवीन नाही." पुदिन्याने माखलेला हिरवा कागद सुटला, पाण्यावर तरंगला. खाली राहिली टपरीवरचीच सिगारेट, छापलेल्या नावासकट. सत्तावीस वनस्पतींपैकी एकच आत होती, आणि तिलाच माणसं इतकी वर्षं तंबाखू म्हणत आली होती.

श्वासगुरू कधी सटकले ते कुणी पाहिलं नाही. कँटीनच्या मागच्या दारातून, भांडी घासायच्या जागेतून, ते पांढरे बूट चिखलात माखून बाहेर पडले. भोंगा माइक विसरला. जाताना एकवीस हजार श्वास घेणाऱ्या गुरूंना रस्त्याच्या चढावर धाप लागली होती, असं रखवालदाराने नंतर सांगितलं. तेही बिचारे आपलाच माल ओढत होते.

सगळ्यांना पटलं असं मात्र झालं नाही. चारपाच जण "डॉक्टरांचा डाव आहे" म्हणत निघून गेले. एक कारकून अडूनच बसला. "पण बाई, सिगारेटने डोकं शांत होतं, लक्ष लागतं. हे तरी खरं आहे ना?"

"खरं आहे," बाई म्हणाल्या. कारकुनाचा चेहरा उजळला. "आता हेही ऐका. ज्याने कधी ओढली नाही, त्याचं डोकं सिगारेटवाचून अशांत असतं का? नसतं. अशांत तुमचंच होतं, कारण शेवटची सिगारेट विझून तास झाला. पुढची ती तलफ भागवते आणि तुम्ही म्हणता शांत वाटलं. काटा तिनेच टोचायचा आणि काढल्याबद्दल आभारही तिचेच मानायचे. भूक मरते, पोट हलतं, हेही खरं. पण तराजूच्या एका पारड्यात हे ठेवा आणि दुसऱ्यात या उस्तादांची फुंकर ठेवा. हृदय ठेवा, घशाचा कर्करोग ठेवा, घरात तुमचाच धूर गिळणारी पोरं ठेवा. मग काटा कुठे झुकतो ते तुम्हीच बघा. मी सांगत नाही."

"माझं पारडं मीच दाखवतो," उस्ताद म्हणाले. त्यांनी सोबत आणलेली, मोठी बरणी फुंकायची फुंकणी हातात घेतली आणि शेजारच्या जवान कामगाराच्या हाती दिली. "ही यापुढे तुझी. मला आता औषधाच्या छोट्या बाटल्या फुंकायचं काम मिळालंय, तेही जमलं तर. गेलेली छाती परत येत नाही, असं बाई म्हणतात. उरलेली टिकते, सोडली तर. मी आज पुन्हा सोडलीय. खोकला येईल, तो येऊ दे." आणि त्यांना तिथेच खोकल्याची उबळ आली. कुणी तोंड फिरवलं नाही.

सभा मोडली तशी बायका वहिनीभोवती गोळा झाल्या. पॅकिंगमधली एक तिचा हात आपल्या डोळ्यांना लावू लागली. दुसरी म्हणाली, "वहिनी, तुमच्या हाताला काहीतरी सिद्धी आहे. नुसता रुमाल हुंगून तुम्ही सगळं ओळखलंत! माझ्या सासऱ्यांच्या दम्याचं तेवढं बघा ना."

वहिनीने झटक्यात हात काढून घेतला. दिवसभरात तिला इतका राग आला नव्हता, गुरूंचाही नाही.

"हेच! अगं, हेच!" ती म्हणाली. "अजून तो माणूस नाक्यापर्यंत पोचला नाही, आणि तुम्ही त्याच्या जागी मला बसवायला निघालात? मला कसलीही सिद्धी नाही. मी कपडे धुते. सासऱ्यांना दम्यासाठी माझ्याकडे नाही, दवाखान्यात न्या. आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तर मुळीच नेऊ नका. फुगा बाईंकडे आहे, कापूस आहे, रुमाल आहे. जा, स्वतः दाबा, स्वतः बघा. मी सांगितलं त्याच्या उलट दिसलं, तर मला येऊन खोटं पाडा. जो तुम्हाला तेवढं करू देतो, त्याचंच ऐका. जो डोळे मिटायला सांगतो, त्याच्यासमोर डोळे आणखी मोठे करा."

सासऱ्यांचं सांगणारी ती बाई क्षणभर गोंधळली. मग पदराला हात पुसत डॉक्टरीणबाईंच्या टेबलाकडे गेली आणि जरा बिचकतच म्हणाली, "बाई, तो फुगा मला देता का? मला करून बघायचंय."